पाचगणीहून आलेली बिडाची शेगडी

मामंजी पाचगणीहून मिरजेला आले ते बटाट्याच्या ट्रकमधून. ड्रायव्हरशेजारी जागा होती, तरी ते मागं पोत्यांवर बसून आले. पोत्यांच्या मधे गोणपाटात गुंडाळलेली एक वस्तू होती आणि पसरणीच्या घाटात ती सरकली तर धरायला कुणीतरी हवं, असं त्यांचं म्हणणं. ती खाली घ्यायला चार हमाल लागले. आमच्या परसात टेकवल्याबरोबर तिचे पाय जमिनीत दोन बोटं रुतले. मामंजींनी गोणपाट ओढून काढलं.

"बग पोरी," ते म्हणाले, "ह्याला म्हणत्यात काम."

मला दिसलं ते चार पायांवरचं गंजकं धूड. वर दोन चुली, त्यांच्याखाली पुढून उघडा असलेला एक कप्पा, आणि कप्प्याच्या छताला आडवी भोकाभोकांची नळी. पितळी चाव्या होत्या, पण त्या हिरव्या पडलेल्या आणि एकही फिरत नव्हती. कप्प्यात उंदरांनी कापूस आणून ठेवला होता.

"हे काय हाय मामंजी?"

"गॅसची शेगडी. इलायती. बिडाची. खालच्या कप्प्यात वरनं जाळ येतो. वस्तू जाळाखाली ठिवायची आन् भाजायची. म्या हिच्यासारखी एकच बगितलीया, फौजेत, सायबांच्या मेसमधी."

मामंजी फौजेत वर्कशॉपला होते. बंदुका, बत्त्या, स्टोव्ह, पंप, जे मोडेल ते दुरुस्त करायचं, हे त्यांचं काम. पेशावरपासून आसामपर्यंत फिरून हवालदार म्हणून घरी आले आणि मग साताऱ्याकडच्या गावी थोडी शेती बघितली. आमच्या सासूबाई वारल्यावर आमच्या ह्यांनी त्यांना मिरजेला आणलं. हे मिरज जंक्शनला पार्सल ऑफिसात कारकून. "आबा, आता आयुष्यभर केलंत, बसून खावा," असं ह्यांनी त्यांना सांगितलं आणि आपण फार चांगलं बोललो असं त्यांना वाटलं. मामंजी बसून खात होते आणि दिवसेंदिवस बारीक होत होते.

मी खानावळ चालवत होते. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. पेशंट आत, नातेवाईक बाहेर, आणि त्यांच्या पोटाला काय? आमच्या घराची पुढची खोली मोकळी होती. सुरुवातीला चार माणसं जेवायची, मग पंधरा, मग पंगती बसायला लागल्या. सकाळी दोन बायका मदतीला यायच्या, दुपारी दोनला जायच्या. सगळं कोळशाच्या शेगड्यांवर आणि रॉकेलच्या स्टोव्हवर. मग रॉकेल मिळेनासं झालं. रांगेत उभं राहिलं तरी डबा अर्धा. त्याच सुमाराला तीन वर्षांपूर्वी नाव नोंदवलेल्या गॅसचा नंबर लागला आणि आमच्या गल्लीतला पहिला सिलिंडर आमच्या घरी आला. शेजारच्या काकूंनी त्या दिवशी आमच्या बाजूची खिडकी लावून घेतली, ती पुढं महिनाभर उघडली नाही.

सिलिंडरबरोबर आली ती शेगडी पत्र्याची. घरच्या चार माणसांना ठीक. मी तिच्यावर वरणाचं मोठं पातेलं ठेवलं आणि आठवड्यात तिचा एक पाय वाकला. पातेलं कलंडलं, माझी पावलं थोडक्यात वाचली. मामंजींनी तो वाकलेला पाय बोटानं दाबून बघितला. दोन दिवसांनी म्हणाले, "पाचगणीला जाऊन येतो." फौजेतला त्यांचा एक जोडीदार तिथल्या एका पारशी बाईंच्या बंगल्यात माळी होता. बंगला विकायला काढला होता. त्या बाईंच्या सासऱ्यांनी कधीकाळी ही शेगडी मुंबईच्या घरातून वर नेली होती. मुंबईत नळानं गॅस यायचा, पाचगणीत कुठला? तीस-पस्तीस वर्षं शेगडी न पेटता उभी होती. "घेऊन जा, पण पेटव हां," एवढंच त्या बाई म्हणाल्या म्हणे.

संध्याकाळी हे ड्युटीवरून आले आणि परसात थबकले.

"आबा, हे भंगार कशाला?"

"भंगार तुझ्या त्या पत्र्याच्या शेगडीला म्हन," मामंजी म्हणाले आणि पाठ फिरवून चाव्यांवर रॉकेल ओतायला लागले. रॉकेल माझं होतं, रेशनचं. मी ओतू दिलं. त्यांच्या खांद्यांत मला कित्येक महिन्यांनी जोर दिसत होता.

दुसऱ्या दिवशी गॅस एजन्सीचा मेकॅनिक बोलावला. तरुण माणूस, छातीच्या खिशाला दोन पेनं. त्यानं शेगडीला बुटाच्या टोकानं ढोसलं. "ही मुंबईच्या नळाच्या गॅसची. आपल्या सिलिंडरवर चालत नाही. भंगारात घाला. पेटवलीत तर मी जबाबदार नाही." त्यानं तसं एका कागदावर लिहून ह्यांच्याकडे दिलंसुद्धा. ह्यांनी तो कागद घडी घालून देवाच्या कोनाड्यात ठेवला.

मामंजींनी मला मात्र वेगळं सांगितलं. "त्यो नळाचा गॅस बारका, पाण्यावानी. त्याला भोक मोठं लागायचं. आपला सिलिंडरचा गॅस दाट हाय. त्याला भोक बारीक पायजे. एवढंच. बाकी शेगडी तीच." मला पटलं. ताकाला आणि तुपाला एकच झारा चालत नाही, हे मला शिकवायला नको होतं.

आम्ही कामाला लागलो. खानावळीची दुपारची पंगत उठली, भांडी झाली, की तीन ते पाच परसात. गंज मी काढला, विटेच्या भुकटीनं आणि नारळाच्या शेंडीनं. हाताची सालं गेली. पितळ मात्र मला ओळखीचं होतं. चिंच आणि राख लावून मी चाव्या अशा काढल्या की मामंजी हातात घेऊन उन्हात फिरवत बसले. त्या आतून घट्ट झाल्या होत्या. त्यांनी त्या आठ दिवस रॉकेलात भिजवल्या, मग फडक्यात धरून हळूहळू, तसूतसूनं सोडवल्या. "जोर लावायचा न्हाई. जोरानं तुटतं. ही आपनहून सुटली पायजे." आतल्या दट्ट्याला बारीक राख आणि तेल लावून ते तासन् तास घोळायचे. मी बघून बघून शिकले. तिसरी चावी त्यांनी न बोलता माझ्या हातात दिली.

बिडाला कसं वागवायचं ते तर मीच सांगितलं. गंज गेला की बीड उघडं पडतं, लगेच पुन्हा तांबडं होतं. नवा बिडाचा तवा आपण जसा तेल पाजून तापवतो तसं मी अख्ख्या शेगडीला तेल पाजलं. कोळशाची घमेली आत ठेवली, वर ठेवली, पुन्हा तेल, पुन्हा कोळसा. चार दिवसांत ती काळीभोर झाली. जातिवंत म्हैस उभी राहावी तशी दिसायला लागली. मामंजी दोन पावलं मागं सरून बघत म्हणाले, "लय झ्याक."

राहिली भोकं. शेगडीचे तिन्ही जेट, म्हणजे गॅस जिथून सुटतो त्या पितळी टोप्या, मोठ्या भोकाचे होते. ते पितळेनं बुजवून त्यांत नवं, केसाएवढं बारीक भोक पाडायचं होतं. लेथवाल्यानं भोकं बुजवून दिली, पण म्हणाला, एवढी बारीक सुई माझ्याकडे नाही. मामंजी दोन दिवस विचारात. मग मला आठवण झाली. आमच्या मागच्या गल्लीत तंबोरे आणि सितारी करणारे एक म्हातारे कारागीर होते. त्यांची बहीण दवाखान्यात असताना महिनाभर माझ्याकडे जेवत होते.

आम्ही दोघं जेट पुडीत बांधून गेलो. ते भोपळ्यांच्या गराड्यात बसले होते. मामंजींनी समजावून सांगितलं. त्यांनी जेट भिंगाखाली धरला.

"भोक केवढं पाहिजे?"

मामंजींनी बोटं चोळली. त्यांना मापाचा आकडा माहीत होता, पण तेवढं मोजणार कशानं? तेव्हा त्या कारागिरांनी खुंटीवरची तारांची वेटोळी काढली. सितारीच्या तारा नंबरावर येतात, एकीपेक्षा एक बारीक. त्यांनी एकेक तार मामंजींच्या हातात दिली. मामंजी डोळे मिटून ती दोन बोटांत फिरवायचे. चौथ्या तारेला म्हणाले, "ही."

कारागिरांनी दोरीनं फिरवायचं छोटं गिरमीट काढलं आणि तिन्ही जेटना भोकं पाडून दिली. प्रत्येकातून ती तार अशी ओवली की ना अडकली, ना ढिली पडली. "आक्का, तुमच्या भरल्या वांग्याची फेड झाली," ते मला म्हणाले. तारेचा तुकडाही दिला, पुढं भोक साफ करायला.

पहिल्यांदा पेटवली तो दिवस रविवार होता, म्हणून हे घरी होते. रबरी नळी जोडली. साबणाचं पाणी लावून सगळे सांधे बघितले, एक बुडबुडा आला नाही. वरची पहिली चूल पेटली. निळी, अगदी निळी! फुलासारखी गोल. दुसरीही तशीच. ह्यांचा चेहरा जरा सैल झाला. मग मामंजींनी खालच्या कप्प्याची चावी फिरवली, मी वाकून काडी लावली, आणि भप्पकन पिवळा जाळ बाहेर आला. माझ्या भुवया गेल्या. पुढचे केस चरचरले. कप्प्यातून काळा धूर लोटला आणि परसातली वाळत घातलेली धोतरं काळी झाली.

ह्यांनी धावत येऊन सिलिंडर बंद केला. मग जे बोलले ते मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकत होते. "घर जाळताय का? त्या माणसानं लिहून दिलं होतं! आबा, तुम्हाला काही होत नाही, हिचं तोंड भाजलं असतं म्हणजे? उद्या मी हमाल आणतो आणि ही भंगारात घालतो."

मामंजी हात पुसत घरात गेले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. माझ्या भुवयांकडं त्यांना बघवत नव्हतं.

मी ह्यांना म्हटलं, "आठ दिवस द्या."

"कशाला?"

"वरच्या दोन निळ्या पेटल्या. तसेच जेट, तोच गॅस. मग खालचीच पिवळी का? हे कळल्याशिवाय मी ही भंगारात देणार नाही."

ह्यांनी माझ्याकडं नवीन बाई बघावी तसं बघितलं. मग म्हणाले, "आठ दिवस. पण सिलिंडर जोडायचा नाही."

मामंजी पुन्हा जेटकडं वळले. तार घालून बघ, दिव्यासमोर धरून बघ. त्यांची खात्री होती की खोट त्यांच्या मापात आहे. चार दिवस ते त्याच एका जेटशी बसले. मी मात्र कप्प्याच्या छताची ती आडवी नळी काढून घासायला घेतली. घासून झाल्यावर धुवायची म्हणून मी तिच्या तोंडातून तांब्यानं पाणी ओतलं. वरच्या चुलींच्या नळ्या मी अशाच धुतल्या होत्या, त्यांतून पाणी भसाभस आलं होतं. ह्या नळीतून आलं ते थेंब थेंब. आणि तांबडं.

मी बोटावर घेऊन बघितलं. गंज नव्हता. माती होती.

"मामंजी!" मी ओरडले ते अर्ध्या गल्लीला ऐकू गेलं असेल.

सळई घालून खरवडलं तसे आतून मातीचे गोळे पडायला लागले. छोटी छोटी मडकी, एकाला एक चिकटलेली. कुंभारीण माशीचं घर! पाचगणीच्या त्या रिकाम्या बंगल्यात कधीतरी तिनं नळीच्या तोंडातून आत जाऊन संसार मांडला होता. नळीत गॅसबरोबर हवा मिसळायला हवी ती मिसळतच नव्हती. नुसता गॅस जळत होता, म्हणून पिवळा, म्हणून काळा.

मामंजींनी ते मातीचे तुकडे ओंजळीत घेतले. हसायला लागले ते थांबेनात. हसता हसता डोळे पुसले. "माझं माप बरोबर व्हतं," ते म्हणाले. "माझं माप बरोबर व्हतं, पोरी. पर तू नसतीस तर मी त्ये भोक पाडत पाडत मेलो असतो."

त्या संध्याकाळी ह्यांच्यासमोर पेटवली. ह्यांनीच सिलिंडर जोडला. काडी मी लावली, मामंजी नको म्हणत असताना. कप्प्याच्या छताला या टोकापासून त्या टोकापर्यंत निळ्या दातांची ओळ उमटली. जराशानं तिच्याखालचं बीड तांबूस झालं आणि कप्प्यातली धग हाताला लागली. मी एक भाकरी तव्यावर अर्धी भाजून त्या जाळाखाली सरकवली. बारापर्यंत मोजलं असेल नसेल, भाकरी टम्म फुगली. ह्यांनी ती तिथंच, परसात उभ्या उभ्या, नुसती खाल्ली. रात्री कोनाड्यातला तो कागद दिसेनासा झाला होता.

महिनाभर शेगडी खानावळीत राबली. पण तिची खरी परीक्षा झाली ती पावसाळा संपल्यावर.

दुपारचे तीन वाजले असतील. बायका घरी गेल्या होत्या, कोळशाच्या शेगड्या विझवून पालथ्या घातल्या होत्या. दारात एक ट्रक थांबला आणि त्यातून माणसंच माणसं उतरली. घोंगडी, मोठाले फेटे, धुळीनं भरलेले पाय. जतच्या पलीकडची, मेंढ्या पाळणारी मंडळी. पुढं एक साठीचा गडी होता. त्यानं दाराबाहेरूनच हात जोडले.

"आवं आक्का, जेवान मिळंल का? सव्वीस मानसं हाय."

"आता? पंगत उठली की हो. काय झालंय?"

तो उंबऱ्याशी टेकला. त्याची लेक बाळंत झाली होती. मूल बरं होतं, पण लेकीचं रक्त थांबत नव्हतं. दवाखान्यात रक्त द्यायचं म्हणाले. रक्त कुठून आणायचं? त्यानं गावाकडं निरोप धाडला आणि गाव ट्रकात बसून आलं. पहाटे निघाले होते, वाटेत ट्रक बंद पडला, कुणाच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. "डागदर म्हनत्यात, उपाशी मानसाचं रगत घेत न्हाई. आदी खाऊन या म्हनत्यात. आन् लवकर या." एवढं बोलून तो थांबला. "तासाभरात या म्हनलंय."

मी घड्याळ बघितलं नाही. कोळसा पेटायलाच तास गेला असता. "बसा," मी म्हटलं. "हात धुवा."

वांगी होती, मोठी, भरताची. कप्प्यात जाळी होती तिच्यावर मी एका वेळेला दहा मांडली. वरच्या दोन्ही चुलींवर तवे टाकले. मामंजींनी न विचारता पाटीत पीठ घेतलं आणि बाह्या सारल्या. "फौजेत म्या शंभर जणांचं मळलंय," म्हणाले. मी थापायला बसले.

वांगी भाजून निघेपर्यंत मी तव्यावर आठ-दहा भाकऱ्या काढल्या. पण आता कप्प्यात भाकरी लावायला आणि काढायला माणूस पाहिजे होतं. तेवढ्यात हे सकाळच्या ड्युटीवरून आले. दारात सव्वीस माणसं, आत बाप पीठ मळतोय, बायको घामाघूम. मी वर न बघता म्हटलं, "चिमटा घ्या. तव्यावरनं कप्प्यात, फुगली की बाहेर."

ह्यांनी टोपी खुंटीला लावली. आयुष्यात चुलीजवळ न बसलेला माणूस, पण पार्सल ऑफिसात वीस वर्षं काढलेली. सामान चढवायचं आणि उतरवायचं त्यांना बरोबर जमत होतं. कप्प्यात एका वेळेला चार भाकऱ्या. पहिली लावलेली पहिली बाहेर. पहिल्या दोन करपल्या, मग एकही नाही. मध्येच त्यांचा आवाज यायचा, "पुढची! पुढची!" जसे काही सहा नंबर फलाटावर उभे आहेत. मामंजी मळता मळता खुदखुदत होते. जाळ एकदाही फरफरला नाही, पिवळा झाला नाही. दोन तवे आणि कप्पा तिन्ही एकदम लावले तरी ती शेगडी जागची हलली नाही, तिचा पाय वाकला नाही.

वांगी सोलली, ठेचली, वर कच्चा कांदा, शेंगदाण्याचं कूट, चटणी, कच्चं तेल. सकाळचं थोडं पिठलं होतं ते वाढलं. माणसं नुसती जेवत होती. तो म्हातारा मात्र भाकरी हातात धरून बसला होता.

"खावा," मामंजी त्याला म्हणाले. "तुमचं रगत लागलं तर?"

त्यानं खाल्ली. मग आणखी एक मागून घेतली.

सगळे हात धुवून उठले तेव्हा ह्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बोट केलं. पाऊण तास. माणसं ट्रकची वाट न बघता दवाखान्याकडं चालत सुटली, आणि शेवटचा माणूस वळणाआड गेल्यावर मी तिथंच पिठाच्या पाटीशेजारी बसले. हे पाण्याचा तांब्या घेऊन आले. त्यांच्या भुवया पिठानं पांढऱ्या झाल्या होत्या. "तासाला शंभर होतील," ते म्हणाले, "मी हिशेब केला."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्यातला एक पोरगेलासा गडी सांगायला आला. सातजणांचं रक्त जुळलं. बाई वाचली.

पंधरा दिवसांनी म्हातारा आला. लेक घरी गेली होती. त्याच्या खांद्यावर एक बकरं होतं आणि दवाखान्यातल्या कुणाकडूनतरी घेतलेली फुलं होती. फुलं त्यानं मला दिली. बकरं दोरीसकट मामंजींच्या हातात दिलं. "पैसं दिऊन फिटत न्हाई ह्ये. आपन समद्यांनी बसून खायाचं."

मामंजींना त्या दिवशी पेशावर आठवलं. सायकलच्या जुन्या तारा त्यांनी घासून, उकळून घेतल्या. मटणाचे तुकडे दही, आलं, लसूण आणि आमच्या कांदा-लसूण चटणीत मुरवून तारांना ओवले आणि कप्प्यात मांडले. जाळ वरून असल्यामुळं चरबी खालच्या ताटात गळत होती, धुराचा पत्ता नाही. तुकडे बाहेरून तांबूस, आतून लोण्यासारखे. वास गल्लीभर गेला. शेजारच्या काकूंची खिडकी तर मघाच उघडली होती. आता काकूच ताटली घेऊन आल्या. तंबोऱ्याचे कारागीर आले, ते मटण खात नसत, त्यांना कप्प्यात भाजलेली कणसं दिली. म्हातारा कप्प्यासमोर उकिडवा बसून त्या निळ्या ओळीकडं बघत होता. "जाळ उलटा," तो म्हणत होता, "जाळ उलटा हाय गड्या," आणि मामंजी त्याला चावी फिरवून जाळ बारीक-मोठा करून दाखवत होते.

त्यानंतर माझ्याकडं माणसं शेगड्या घेऊन यायला लागली. गॅस गल्लोगल्ली आला होता आणि पिवळा जाळही. कुणाची नळी तेलानं चोंदलेली, कुणाच्या जेटात झुरळाचं पिल्लू, कुणाची चावी घट्ट. मी खानावळ सांभाळून दुपारी ते करायची. जुन्या, जाड बिडाच्या शेगड्या कुणी भंगारात घालायला निघालं की मी थांबवायची. अशा चार मी पुन्हा उभ्या केल्या. एक तर मिरजेतल्याच एका दवाखान्याच्या स्वयंपाकघरात गेली.

पुढं पाच-सहा वर्षांनी सांगलीहून एका वकिलांच्या घरचा निरोप आला. त्यांच्याकडं मोठी परदेशी शेगडी होती, चार चुलींची, तीही जुनी, आणि लग्न आठ दिवसांवर. मामंजींचे गुडघे धरले होते. "तू जा," ते म्हणाले.

"एकटी?"

"मग? काय वरातीनं जानार हायस?"

मी एसटीनं सांगलीला गेले. पिशवीत पाने-पक्कड, सळई, तारेचं वेटोळं, साबण. बंगल्याच्या दारात वकीलसाहेब उभे होते. माझ्या मागं रस्त्याकडं बघत म्हणाले, "मिस्त्री मागनं येतोय का?"

"मीच आले," मी म्हटलं. "शेगडी कुठाय?"

तिथली खोट मी आधी कधी बघितली नव्हती. चारही चुली एकदम लावल्या की चौथी मरायची. मला तीन तास लागले. मुख्य नळीची चीर कुणीतरी आधी कथलाचा डाग देऊन झाळली होती आणि झाळलेलं कथील आत ओघळून साकळलं होतं. ते मी तापवून बाहेर काढलं. चारही चुली उभ्या राहिल्या तेव्हा घरातल्या बायका गोळा झाल्या होत्या. वकीलसाहेबांच्या आईंनी मला पाट दिला, ताट वाढलं आणि माझ्यासमोर बसून विचारून विचारून जेवायला घातलं.

संध्याकाळच्या गाडीनं परत आले. मामंजी ओट्यावर होते. मी पाय धुवायच्या आतच म्हणाले, "चौथी का मरत व्हती?"

मी सांगितलं. ते पुढं वाकले. "कथील? आतमधी? मग तुला कळलं कसं?"

मी त्यांच्या शेजारी बसले. पिशवीतून सळई काढली आणि ती नळीत कुठवर गेली, कुठं अडली, आवाज कसा बदलला, ते सगळं दाखवायला लागले. मामंजींनी मला मध्ये एकदाही थांबवलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आता परत सांग. सावकाश. मला शिकायचं हाय."